वर कुठे, खाली कुठे?

काचेच्या बरणीत सोडियम सिलिकेटचे द्रावण घेऊन त्यात कोबाल्ट क्लोराइडचा खडा टाकला, की थोड्याच वेळात खड्याला कोंब फुटतात आणि ते सरसर वर चढू लागतात. याला रासायनिक बाग म्हणतात. (कोबाल्टचे क्षार विषारी असतात. तेव्हा घरी हा उद्योग नको. शाळेत, शिक्षकांसमोरच करावा.)

या बागेत जीव काही नसतो. खड्याभोवती पातळ पापुद्रा धरतो, त्यातून पाणी आत झिरपते, दाब वाढतो आणि पापुद्रा फाटतो. आतले द्रावण भोवतालच्या द्रावणाहून हलके, म्हणून ते वर उसळते आणि उसळतानाच त्यावर नवा पापुद्रा चढतो. अशी नळी वाढत जाते. लोक तिला सर्रास स्फटिक म्हणतात, पण ती असते पोकळ नळीच.

मग जिथे हलके-जड हा भेदच उरत नाही, तिथे कोंब कोणीकडे जातील? हा प्रश्न इस्रायलमध्ये हैफाजवळच्या किर्यात मोत्झकिन येथील शाळकरी मुलांना पडला. अवकाशयान गुरुत्वाच्या पलीकडे गेलेले नसते. ते पृथ्वीभोवती सतत पडत असते, आणि त्याच्याबरोबर त्यातली प्रत्येक वस्तूही. तिथे हलके द्रावण वर जात नाही, म्हणून नळीला वर जाण्याचे कारणच राहत नाही. ती वाट फुटेल तिकडे वळते.

मुलांची ही बाग 16 जानेवारी 2003 रोजी 'कोलंबिया' यानातून निघाली. सोबत इतर देशांतल्या विद्यार्थ्यांचेही प्रयोग होते: ऑस्ट्रेलियाचे कोळी, चीनचे रेशमाचे किडे, जपानचे मासे, अमेरिकेच्या मुंग्या, चिमुकल्या लिश्टेनस्टाइनचे भुंगे. यानात सात अंतराळवीर होते. त्यांत इलान रामोन हे पहिले इस्रायली, आणि हरियाणातील कर्नालची कल्पना चावला. कल्पनाची ही दुसरी फेरी. आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना नासा पाहता यावे, याची सोय तिने आधीच करून दिली होती.

उड्डाणाच्या वेळी टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. 1 फेब्रुवारीला, उतरायला सुमारे 16 मिनिटे उरली असताना, टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

बाग परत आली नाही. मोहीम चालू असताना यानातून खाली पाठवलेली चित्रे तेवढी मुलांकडे राहिली.