कंपू मोडा, मंडळी

इंदूरच्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती करायची आहे. तिचं निमित्त आहे 'कंपू' हा शब्द.

'त्यांचा कंपू वेगळा' असं आपण सहज बोलून जातो. फ्रेंच भाषेत याच कुळातला एक शब्द आहे, त्याचा उच्चार साधारण 'कां' असा होतो. मूळ लॅटिन 'कांपुस', म्हणजे मैदान. सैन्याचा तळ हा फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ. आणि गट, बाजू हा लाक्षणिक. माणूस फुटून पलीकडे गेला, की फ्रेंच लोक म्हणतात, त्यानं 'कां' बदलला. आपल्याकडे पूर्वी कंपू म्हणजे कवायती पलटणींची फौज. ग्वाल्हेरात कंपू नावाची वस्ती अजून आहे.

होळकरांचा कंपू उभा केला तो शेव्हालिए द्युद्रनेक या फ्रेंच सरदारानं, तुकोजी होळकरांच्या चाकरीत. शिंद्यांचा कंपू होता द बॉयनच्या हाताखाली. तोही फ्रेंच बोलणाऱ्या साव्हॉय प्रांतातला. 1793 मध्ये राजस्थानातल्या लाखेरीला हे दोन कंपू एकमेकांवर तुटून पडले. दोन्हीकडचे सेनानी फ्रेंच बोलणारे, दोन्हीकडचे धनी मराठी बोलणारे! द्युद्रनेकच्या पलटणी जवळजवळ सगळ्या कापल्या गेल्या, तोफा गेल्या. शिंदे-होळकरांचं वैर तरीही मिटलं नाही. 1802 मध्ये हडपसरला दोघे पुन्हा भिडले, आणि ते वर्ष संपता संपता पेशव्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. शब्दाचा दुसरा अर्थ किती महागात पडतो, हे आपल्या पूर्वजांनी असं भोगलं आहे.

पलटणी गेल्या, दुसरा अर्थ मात्र आपल्यात मुरला. नाटकाच्या दिवशी सभागृहात जरा आधी जाऊन पाहा. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर रुमाल, पर्स, घडी घातलेली शाल. 'इथं आमची माणसं येणार आहेत.' नव्यानं शहरात आलेलं जोडपं दोनदा विचारतं आणि मागे जाऊन बसतं. हिंदी घरातून आलेली सून मध्यंतरात एकटीच चहा पिते. कोणी मुद्दाम दुखवत नाही, पण दुखतं. अशी माणसं पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो, तरुण पिढीला मराठीचं काही नाही.

1917, 1935 आणि 2001 अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं भरवलेलं हे शहर आहे. इतकी मोठी कामं एका घोळक्याच्या बळावर होत नसतात. आज मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी, गल्लीत हिंदी बोलतात. मराठी कानावर पडायला घर आणि मंडळ एवढ्याच दोन जागा उरल्या आहेत. त्यातलीही एक आपण अडवून ठेवायची का?

म्हणून सांगणं एवढंच. यंदाच्या गणेशोत्सवात खुर्च्या अडवू नका. अनोळखी चेहरा दिसला तर आपणहून नाव विचारा आणि शेजारी बसवून घ्या. कार्यकारिणीत दरवर्षी निदान दोन माणसं अशी घ्या, जी आजवर कोणाच्याच गटात नव्हती. पोरांचं मराठी अडखळत असेल तर हसू नका, त्यांना सूत्रसंचालन द्या. दुसऱ्या मंडळाच्या कार्यक्रमालाही जा, आणि तिकीट काढून जा.