नवा फोन घेण्याआधी जुन्याचे दुखणे विचारा! मोबाइल-लॅपटॉपवरचा खर्च नेमका कुठे वाचतो?

नाशिक : फोन हळू चालायला लागला, दुपारपर्यंत चार्जिंग संपायला लागले की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘आता नवा घ्यायला हवा.’ महात्मा गांधी रोडच्या मोबाइल बाजारात शिरले की हा निर्णय आणखी सोपा होतो, कारण समोर सुलभ हप्त्यांचे फलक असतात. मात्र फोन ‘म्हातारा’ झाला म्हणजे बहुतेक वेळा त्याचा एखादा भाग थकलेला असतो. तो भाग कोणता, हे न विचारता पूर्ण फोन बदलणे म्हणजे टायर झिजला म्हणून स्कूटर विकण्यासारखे आहे.

आधी हिशेब मांडू

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. १५ हजारांचा फोन दोन वर्षे वापरून बदलला, तर तो महिन्याला ६२५ रुपयांना पडतो. त्याच फोनमध्ये दोन हजारांची बॅटरी टाकून तो चार वर्षे चालवला, तर खर्च महिन्याला साधारण ३५४ रुपयांवर येतो. घरात असे चार फोन असतील, तर वर्षाला सुमारे १३ हजारांचा फरक पडतो. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगारावर चालणारी हजारो घरे आहेत. त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे मुलाच्या क्लासची फी असू शकते.

बॅटरी लवकर का संपते?

लिथियम-आयन बॅटरी हा झिजणारा भाग आहे. साधारण ५०० पूर्ण चार्जिंग फेऱ्यांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही नव्या फोनमध्ये ही मर्यादा जास्त आहे. म्हणजे दोन-तीन वर्षांनी बॅटरी कमी टिकणे स्वाभाविक आहे, तो फोनचा शेवट नव्हे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ विभागात तिची स्थिती दिसते, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ही सोय आली आहे.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असताना फोन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. चार्जिंग सुरू असताना गेम खेळणे टाळा. रोजचे चार्जिंग २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवले तर आयुष्य वाढते. बॅटरी फुगलेली दिसली, मागचे झाकण उचलले गेले, तर मात्र चार्जिंग तत्काळ बंद करून फोन दुरुस्तीला न्या. ती दाबू नका, टोचू नका.

चार्जिंग होत नसेल तर?

आधी केबल बदलून पाहा. मग टॉर्च लावून चार्जिंगच्या छिद्रात बघा. खिशातले धागे आणि धूळ तिथे दाबून बसते. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने हळुवार काढली, की बऱ्याचदा ‘बिघडलेला’ फोन चार्ज होऊ लागतो. सुई किंवा पिन वापरू नका. पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात घालण्याचा उपायही सोडून द्या. तांदळाचे कण आणि पीठ आत जाते. फोन बंद करा, पुसा, हवेशीर जागी ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका.

फोन हळू का चालतो?

मेमरी काठोकाठ भरली की फोन अडखळतो. सर्वांत मोठा वाटा सुप्रभातच्या फोटोंचा आणि फॉरवर्ड व्हिडिओंचा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ येथे कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसते. तिथून मोठ्या फायली काढा आणि मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद करा. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो. त्यामुळे ‘जागा संपली, प्लॅन घ्या’ असा संदेश आला, तर पैसे भरण्यापूर्वी बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

जुना लॅपटॉप भंगारात काढायचा का?

चालू व्हायला पाच-पाच मिनिटे घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. जो लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत टाकता येते. ब्राउझर, टायपिंग, ऑनलाइन वर्ग आणि प्रोग्रॅमिंगला ते पुरते.

दर महिन्याची गळती

आजी-आजोबांच्या साध्या फोनमध्ये इंटरनेटचा पॅक कशाला? ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानात किंवा ॲपमध्ये हा पॅक नाव घेऊन मागा.

दुसरी गळती ‘ऑटो-पे’ची. एक महिना मोफत म्हणून घेतलेले ॲप पुढे पैसे कापत राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी येते. तो एसएमएस वाचा. यूपीआय ॲपमधील ‘ऑटो-पे’ किंवा ‘मँडेट’ विभाग उघडून नको ते रद्द करा.

वापरलेला फोन घेताना

*#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक मिळवा. ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत आहे का, ते कळते. चोरीचा स्वस्त फोन शेवटी सर्वांत महाग पडतो. स्वतःच्या फोनचा आयएमईआयही वहीत लिहून ठेवा. सिंहस्थाच्या गर्दीत फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ पोर्टलवर तो ब्लॉक करायला हाच क्रमांक लागेल.

दुरुस्ती कधी करू नये?

सुरक्षा अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. तसेच दुरुस्तीचा खर्च त्याच मॉडेलच्या वापरलेल्या फोनच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर थांबा. वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत केंद्रातच जा. दुकानात देताना बॅकअप घ्या, सिम काढा, सुट्या भागाचा उल्लेख असलेले बिल मागा. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की कारागिराला तुमचे फोटो दिसत नाहीत.

सगळा भार ग्राहकावरच का?

इथपर्यंतचे उपाय आपल्या हातातले. पण बॅटरीच मिळत नसेल, किंवा स्क्रीनची किंमत ऐकून माणूस नव्या फोनकडेच वळत असेल, तर टूथपिक आणि एसएमएस कुठवर पुरणार? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये विभागाच्या समितीने मोबाइल आणि टॅब्लेटसाठी दुरुस्ती-निर्देशांकाची शिफारस केली. वस्तू किती सहज दुरुस्त होते, त्याचे गुण खरेदीच्या वेळीच दिसावेत, हा त्यामागचा विचार. फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासूनच लागू केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे.

फोन पातळ आणि जलरोधक हवा, तर तो चिकटवावाच लागतो, असा युक्तिवाद कंपन्या करतात. त्यात तांत्रिक तथ्य आहे. पण खोक्यावर बॅटरी व स्क्रीनची बदली-किंमत आणि अपडेटची वर्षे छापायला कोणते तंत्रज्ञान आडवे येते? आपल्याकडे निर्देशांक ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा आणि त्यात सुट्या भागांची किंमत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर ‘दुरुस्त होतो’ असे गुण मिळतील आणि दुरुस्ती मात्र परवडणार नाही.

तोवर दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचाराल, तेव्हा दोन प्रश्न आणखी विचारा : बॅटरी बदलायला किती पडतील आणि अपडेट किती वर्षे मिळतील? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दुकानात जा. सुटा भाग किंवा सेवा नाकारली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती मराठीतही करता येते.