सांगते मग!

फराळाची ताटे मांडली आहेत, चार घरची माणसे जमली आहेत, काकांनी काहीतरी मजेदार सांगितले आणि सारे घर खदखदून हसले. कोपऱ्यात बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा पुतण्याही हसतो, पण क्षणभर उशिरा. कारण इतरांचे चेहरे पाहून त्याने हसायचे ठरविलेले असते. शेजारच्या बहिणीला ढोसून तो विचारतो, काय झाले? ती म्हणते, “काही नाही रे, सांगते मग!” हे ‘मग’ त्याच्या उभ्या आयुष्यात क्वचितच उगवते. बहिरे मूल असलेल्या बहुतेक घरांत हे असेच चालते, आणि ही घरे काही दुष्टांची नसतात. त्या मुलावर जीव टाकणाऱ्यांचीच असतात.

आमचे म्हणणे असे, आणि ते कोणाला बोचले तर खुशाल बोचो, की ह्या मुलाचे दुःख कानापेक्षा घरात अधिक आहे. बहिऱ्या मुलांतली दहातली नऊ ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आईबाप डॉक्टरांचे उंबरे झिजवतात, यंत्रे आणतात, नवस बोलतात, हल्ली शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांटही बसवितात. त्यात वावगे काहीच नाही. पण मुलाच्या डोळ्यांना सहज कळेल अशी भाषा स्वतः शिकावी, हे मात्र त्यांना सुचत नाही. उलट त्याला दटावतात, “हात खाली! तोंडाने बोल!” हातवारे केले की मूल बोलायला शिकत नाही, हा ह्यामागचा युक्तिवाद. खुणांनी मुलाची वाचा बुडते, असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. लहानपणी कोणतीच भाषा पुरती न मिळाल्याने बुद्धीची आबाळ होते, हे मात्र सिद्ध झाले आहे.

ओठ वाचण्याचे मोठे कौतुक होते. वाचकांनी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘बाळ’, ‘माळ’ आणि ‘पाळ’ म्हणून पाहावे. ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात नि तसेच उघडतात. ‘काय’ आणि ‘गाय’ यांतला फरक तर घशात होतो, तो दिसणार कसा? अशा भाषेत भूगोल शिका, गणित शिका, वर नापास झालात तर मंदबुद्धी म्हणवून घ्या, असा हा न्याय!

हा न्याय सुरू झाला १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी. बहिऱ्यांच्या शिक्षकांची तेथे परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे! मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती त्याच दशकात, आणि पुढे आपल्याकडच्या शाळांवरही ह्याच मताचा पगडा बसला. वर्गात खुणा केल्या म्हणून छड्या खाल्लेली आणि मधल्या सुट्टीत त्याच खुणांनी एकमेकांना शहाणी केलेली किती पिढ्यांची मुले असतील! २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. तेवढ्याला १३० वर्षे लागली.

खुणा म्हणजे भाषाच, हे अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली दाखवून दिले. आपल्या भारतीय खुणभाषेचे व्याकरण पाहिले तर मराठी माणसाला ती घरचीच वाटावी. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, जसे आपण ‘तुझे नाव काय?’ म्हणतो. नकारही शेवटी. ‘मी तुला देतो’ आणि ‘तू मला देतोस’ यांतला भेद हात कोणाकडून कोणाकडे गेला यावर ठरतो. हो-नाहीचा प्रश्न आहे हे उंचावलेल्या भुवया सांगतात. ‘बाई’ म्हणायला बोट नाकाच्या चमकीशी जाते, ‘पुरुष’ म्हणायला मिशीवर. कराची आणि दिल्ली यांच्यामध्ये १९४७ साली सरहद्द पडली, पण तिने ह्या भाषेच्या व्याकरणाचे दोन तुकडे केले नाहीत. उलट अमेरिकन आणि इंग्रज बहिऱ्यांच्या भाषा, दोघांच्या भोवती इंग्रजी असूनही, एकमेकांना कळत नाहीत.

आणि आम्ही कोण? भाषेसाठी भांडून १९६० साली राज्य मिळवणारे! २०२४ साली मराठी अभिजात ठरली तेव्हा पेढे वाटणारे! २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेली पन्नास लाखांवर माणसे ह्या देशात मोजली गेली. त्यांतल्या कित्येकांच्या जिवाभावाच्या भाषेला आम्ही ‘हातवारे’ म्हणतो, घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला जागा नाही याची आम्हांला वार्ताही नसते, आणि दिवाळी अंकाच्या विनोदी पानावर बहिऱ्या आजोबांना दरसाल न चुकता उभे करतो.

बहिरे म्हणजे तरी सगळे एका साच्यातले थोडेच आहेत? बहिऱ्या आईबापांचे मूल खुणांची बाळाक्षरे मांडीवरच गिरवते. साठीत कान गेलेल्या गृहस्थांची भाषा मराठीच. त्यांना अक्षरे मोठी करून दिली तर पुरते. डोळे आणि कान दोन्ही नसलेली व्यक्ती दुसऱ्याच्या हातावर हात ठेवून खुणा वाचते. तोंडी पद्धतीत वाढून उत्तम बोलणारे आणि खुणा नकोत म्हणणारेही आहेत; त्यांनाही कोणी दटावू नये. सर्वांत हाल खेड्यातल्या त्या मुलीचे, जिने दुसरा बहिरा माणूस कधी पाहिलाच नाही आणि जिची सगळी भाषा म्हणजे आईशी जमलेल्या वीस-पंचवीस खुणा.

सरकारने २०१५ साली दिल्लीत खुणभाषेचे केंद्र काढले, २०२१ पर्यंत त्याचा कोश दहा हजार शब्दांवर गेला. ह्याचे स्वागतच आहे. परंतु २०२० च्या शिक्षण-धोरणाने देशभर खुणभाषा प्रमाणित करण्याचे ठरविले आहे, तेथे आमचे कान टवकारतात. प्रमाण भाषेने अहिराणीचे आणि मालवणीचे काय केले ते आम्ही पाहिले आहे. शाळेशाळेगणिक, शहराशहरागणिक खुणा थोड्याथोड्या वेगळ्या आहेत. एका ठिकाणची खुण शुद्ध नि दुसऱ्या ठिकाणची गावंढळ, हे ठरवणार कोण? स्थानिक खुणभाषांचा आदर राखावा, शक्य व उचित असेल तेथे त्या शिकवाव्यात, असे त्याच धोरणात म्हटले आहे. ‘शक्य व उचित’ ह्या तीन शब्दांतून हत्ती निघून जाईल! ते काय, हे ठरवायला बसणाऱ्या प्रत्येक समितीत कोल्हापूरचा, नागपूरचा, रत्नागिरीचा बहिरा माणूस बसला पाहिजे, आणि दुभाष्याची गरज असेल ती समितीतल्या ऐकणाऱ्यांना, असे समजून त्यांनी तो आपल्या पदरच्या खर्चाने आणावा.