टेबलावरचे रणगाडे आणि आमची एक अट



नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी शाळेकडे अर्ज दिला आहे. वार्षिक प्रदर्शनात त्यांना दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांची लढाई टेबलावर मांडून खेळून दाखवायची आहे. त्यावर एका पालकांनी पत्राने विचारले, "आता शाळेत मुलांना युद्ध खेळायला शिकवणार काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आमचे मत येथे मांडतो.

हा खेळ आजचा नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावर अशा लढाया खेळवून शिक्षण दिले जाई. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आज इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत मोठी माणसेही हा छंद जोपासतात. लहान रणगाडे जोडायचे, रंगवायचे, फूटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि मारा लागला की नाही हे फासे टाकून ठरवायचे, असा हा खेळ.

विकतचे रणगाडे महाग असतात, पण पुठ्ठ्याचेही चालतात. एकास शंभर हे प्रमाण धरले की एका मीटरचा एक सेंटिमीटर होतो. रशियन टी-३४ तोफेची नळी सोडून सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद होता. म्हणजे पुठ्ठा सहा सेंटिमीटर बाय तीन. गुणोत्तराचा धडा येथे हाताने गिरवला जातो.

खरी गंमत सैन्य निवडण्यात आहे. दोन्ही बाजूंना सारखे गुण मिळतात आणि प्रत्येक रणगाड्याला गुणांत किंमत असते. सर्वांना जर्मन टायगरचा मोह पडतो. त्याच्या समोरच्या बाजूचे चिलखत १०० मिलिमीटर जाड. टी-३४ ची ७६ मिलिमीटरची तोफ ते समोरून सहसा भेदू शकत नसे. पण एका टायगरच्या किमतीत अनेक टी-३४ येतात. इतिहासही हेच सांगतो. टायगर १ सुमारे १,३५० बनले, तर सोव्हिएत कारखान्यांनी युद्धकाळात टी-३४ पन्नास हजारांहून अधिक काढले. मात्र टी-३४ चेही दोष होते. १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईतील टी-३४ च्या बुरुजात दोनच माणसे मावत, त्यामुळे प्रमुखालाच तोफही चालवावी लागे. हे सारे लक्षात घेऊन चाल करावी लागते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो तेव्हा इतिहास म्हणजे सन-सनावळ्या पाठ करणे होते. "असे का घडले?" हा प्रश्न हा खेळ विचारायला लावतो.

जमीनही लढते, हे आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे पाण्याने भरलेल्या शेतांत रुतले आणि उसाआड दबा धरलेल्या आपल्या रणगाड्यांच्या माऱ्यात सापडले. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन आजही पाहता येतो.

आता पालकांच्या शंकेकडे येतो. धोका आहे, हे आम्हांस मान्य आहे. टेबलावरचा रणगाडा उचलून डब्यात ठेवला की संपले; रक्त दिसत नाही, आई रडत नाही. शिवाय टायगरच्या रुबाबात तो कोणत्या राजवटीसाठी लढला याचा विसर पडतो. पण खेळ बंद केल्याने हा धोका टळत नाही. मुले तेच संगणकावर, एकटी, कुणी सांगणारे नसताना खेळतात. त्यापेक्षा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर टेबलावर खेळलेले बरे.

म्हणून परवानगी द्यावी, असे आमचे मत आहे. पण एका अटीवर. टेबलाशेजारी एक वही ठेवावी. टी-३४ बाद झाला की चार माणसे, टायगर बाद झाला की पाच, अशी नोंद व्हावी. प्रत्यक्षात सगळेच मरत नसत, काही बाहेर पडत. पण आत किती जण होते, हे तरी मुलांना कळले पाहिजे. जर्मन बाजू घेणाऱ्याने नाझी राजवटीने काय केले हे आधी वाचून वर्गाला सांगावे. आणि नियम मराठीत लिहावेत. चिलखत, बुरूज, मारा, दबा हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी पुन्हा येतील, हा लाभ मध्य प्रदेशातल्या मराठी शाळेला लहान नाही.

विश्वस्तांनी यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडा ठेवावा, ही विनंती. मुलींनाही त्यात बरोबरीने घ्यावे. प्रदर्शनाच्या दिवशी कोण जिंकले हे सांगण्याआधी मुलांनी वहीतली बेरीज मोठ्याने वाचावी. पत्र लिहिणाऱ्या पालकांनी ती ऐकायला अवश्य यावे.