हाडातली कल्हई

तिलारी घाट उतरून दोडामार्गावरून इब्रामपूर गाठायचे, हा आमचा दर मे महिन्याचा नेम. धाकटी बहीण तिथे दिली आहे. गेल्या वर्षी भाचा काजूच्या झाडावरून पडला, कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. पट्टी आणि स्क्रू बसले. या मे महिन्यात डॉक्टरांनी पट्टी काढायची तारीख दिली, तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, परत कापायचं? टाके विरघळतात, मग हे का नाही रे विरघळत?"

मी मराठी शिकवणारा माणूस. परत आल्यावर कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठले. सर कन्नड. म्हणाले, "एलुबु जुळेपर्यंत टिकलं पाहिजे, मग नाही टिकलं पाहिजे. तिथंच सगळं अडतं."

विरघळणारा धातू आहे. मॅग्नेशियम. आपल्या शरीरात तो असतोच, आणि ताठपणात पोलादापेक्षा हाडाच्या पुष्कळ जवळचा. बेल्जियमचे शल्यचिकित्सक लांबोट यांनी 1907 साली पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टीचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साठला. दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला हळवा लवकर झिजतो. शिवाय एक ग्रॅम मॅग्नेशियम विरघळताना सुमारे एक लिटर हायड्रोजन सुटतो. तो हळूहळू सुटला तर शरीर पचवते, एकदम सुटला तर फुगवटा येतो.

म्हणून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूला फ्लोराइडचे कवच. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात (कन्नडात कलायी), तसेच काहीसे. फरक असा, की कथील बाहेरून चढवतात. इथे धातू हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून ठेवतात आणि त्याचीच वरची कातडी मॅग्नेशियम फ्लोराइडची होते. जाडी एक-दोन मायक्रॉन, केसाहून कितीतरी कमी. पाण्यात ती सहजी विरघळत नाही. गंमत पाहा, हेच आम्ल अंगावर सांडले तर कातडीतून आत शिरून कॅल्शियम ओढून घेते. हाडाचा वैरी हाडाच्या स्क्रूचा राखणदार!

फ्लोराइड म्हटले की विजापूर-बागलकोटकडच्या वाचकांना बोअरचे पाणी आणि डागाळलेले दात आठवतील. ती धास्ती खरी आहे. पण ते विष वर्षानुवर्षे पोटात जाते. इथला थर नखाएवढाही नाही.

जर्मनीत सशांच्या हाडांत असे मुलामा दिलेले तुकडे बसवून पाहिले आहेत, झीज मंदावली. मॅग्नेशियमचे स्क्रू 2013 पासून युरोपात माणसांनाही बसवतात, पण सुरुवातीचे ते फ्लोराइडवाले नव्हते.  माझ्या मते घाई नकोच. कल्हई उडाली तर भांडे पुन्हा कल्हईवाल्याकडे नेता येते, हात नेता येत नाही.

हे सगळे मी फोनवर बहिणीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या बाबूला उपयोग नाही."

नाही. पट्टी काढली. भाच्याने ती मागून घेऊन कंपासपेटीत ठेवली आहे, शाळेत दाखवायला. बहीण ती पेटी उघडत नाही.