जियारत म्हणजे हज नव्हे

आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक. शाळेच्या वेळेत मुलांचे आणि उरलेल्या वेळेत मोहल्ल्याचे. बँकेचे पत्र, रेशनकार्डाचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, कुणाला काही वाचता आले नाही की कागद आमच्या टेबलावर येतो. गेल्या काही वर्षांत त्यात सौदी अरबच्या व्हिसाची भर पडली आहे. हे व्हिसे वाचून आमचे जे मत झाले, ते आज स्पष्ट मांडतो आहोत. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मे २०२४ मध्ये आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा असाच कागद घेऊन आले. एसटीत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी स्वतःच्या आणि बायकोच्या हजची रक्कम एका एजंटाला दिली होती. कागदावर अरबीत 'जियारा' असा शब्द होता. त्यावर बोट ठेवून चाचा म्हणाले, "मास्टर, देखो, जियारत लिखा है. अल्लाह ने बुला लिया."

उर्दूत जियारत म्हणजे पवित्र स्थळाचे दर्शन. रोजा-ए-मुबारकची जियारत, दर्ग्याची जियारत. पण सौदीच्या सरकारी अरबीत 'जियारा' म्हणजे साधी भेट. जेद्दाला नोकरी करणाऱ्या मुलाकडे आई जाते, तिच्या व्हिसावरही हाच शब्द असतो. चाचांच्या कागदावर हज हा शब्द कुठेच नव्हता. आम्हाला ते दिसले. आम्ही बोललो नाही. दोन दिवसांवर विमान होते, घरात पाहुणे जमले होते, हार आणायला माणूस गेला होता. हजला निघालेल्या माणसाचे मन कशाला मोडायचे, असे आम्ही स्वतःला समजावले. आज ही आमची चूक आम्ही छापून कबूल करतो.

नियम काही गुप्त नाहीत. सौदी अरबने सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पर्यटकांसाठी व्हिसा खुला केला. त्यावर माणूस रियाध बघू शकतो, अल-उला बघू शकतो, हजचे दिवस सोडून रीतसर परवाना काढून उमराही करू शकतो. हज मात्र करू शकत नाही. भेटीच्या व्हिसावरही नाही, उमऱ्याच्या व्हिसावरही नाही. हजसाठी हजचाच व्हिसा लागतो. २०२४ मध्ये तर २३ मे ते २१ जून या काळात भेटीच्या व्हिसावाल्यांनी मक्केत येऊ नये वा राहू नये, असे सौदी गृहखात्याने आधीच जाहीर केले होते. विनापरवाना सापडणाऱ्यास १० हजार रियाल दंड होता. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तो २० हजार केला गेला आणि अशा माणसासाठी भेटीचा व्हिसा काढणाऱ्याला १ लाख रियालपर्यंत दंड ठरवला गेला.

मग २०२४ च्या त्या हजमध्ये काय झाले? १७ जून रोजी मस्जिद-ए-हरामच्या परिसरात पारा ५१.८ अंशांवर गेला. त्या हजमध्ये १,३०१ माणसे दगावली, असे सौदी सरकारनेच सांगितले, आणि त्यांतले ८३ टक्के विनापरवाना होते. कारण उघड आहे. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला मिनात थंड तंबू नाही, अराफातला जायला बस नाही, गर्दीत हरवला तर त्याचे नाव कुठल्या यादीत नाही. तो उन्हात चालतो. दम लागला तरी पकडले जाण्याच्या भीतीने दवाखाना टाळतो. परवानाधारकही दगावले हे खरे, आणि त्याचा जाब व्यवस्थेला विचारलाच पाहिजे. पण शंभरातले त्र्याऐंशी जण कुणाच्या शब्दावर विसंबून गेले होते, हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

इजिप्तने त्यानंतर १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने काढून घेतले. जॉर्डनमध्ये एजंटांना अटक झाली. ट्युनिशियात धर्मखात्याच्या मंत्र्याला घरी बसवले. आपल्याकडे मोहल्ल्यात काय झाले? दावती झाल्या.

हो, आमचे चाचा परत आले. खालाही आल्या. आधी वीस-बावीस दिवस एका खोलीत दार लावून काढले, नमाजलाही बाहेर पडले नाहीत, मग रात्री चालत अराफातकडे निघाले. हे खालांनी आमच्या घरच्यांना हळूच सांगितले. चाचांच्या तळव्यांच्या जखमा पावसाळा संपेपर्यंत भरल्या नव्हत्या. पण त्यांच्या दावतीत एजंट बिर्याणीच्या पहिल्या पंगतीत होता, आणि तिथेच त्याला पुढच्या सालची दोन गिऱ्हाइके मिळाली. जो परत येतो तो त्याची जाहिरात होतो. जो परत येत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, नशीबवान, पाक जमिनीत मिट्टी मिळाली. एजंटाचे दोन्हीकडून भागते.

या धंद्याच्या बचावासाठी जे बोलले जाते ते आम्ही रोज ऐकतो. पहिले म्हणणे असे की बोलावणारा अल्लाह आहे, व्हिसा कोण अडवणार? भाऊ, सूरह आले-इमरानमध्ये हज फर्ज केला आहे तो तिथवर पोहोचण्याची इस्तेताअत असणाऱ्यावर. आपल्या फुकहांनी त्यात वाटेची सुरक्षितता, अम्न-ए-तरीक, हीही अट धरली आहे. ज्याला वाट मोकळी नाही त्याच्यावर तो भार अल्लाहनेच टाकलेला नाही. मग तुम्ही कोण टाकणार? सौदीच्या ज्येष्ठ उलमांच्या मंडळानेही २०२४ मध्ये साफ सांगितले की विनापरवाना हजला जाणे जायज नाही, जाणारा गुनाहगार ठरतो. व्हिसा घेताना आपण त्या देशाला वचन देतो की सांगितले त्याच कामासाठी येऊ. अहद मोडून इहराम बांधायचा, हे कुठल्या मदरशात शिकवतात?

दुसरे म्हणणे, कोटा कमी आहे, कुरआत नाव लागत नाही, वय थांबत नाही. हे दुखणे खरे आहे. भारताला २०२५ मध्ये १,७५,०२५ जागा होत्या. त्यांपैकी ५२,५०७ खाजगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या होत्या. करार आणि पैसे वेळेत न गेल्याने त्यांतल्या सुमारे ४२ हजार जागा हातच्या गेल्या. सरकार म्हणते टूरवाले चुकले, टूरवाले दुसरीकडे बोट दाखवतात. पैसे भरून बसलेली माणसे मधल्यामध्ये राहिली. यावर आपल्या किती जमातींनी ठराव केला? किती इमामांनी जुम्याला हा विषय काढला? जिथे हक्काने भांडायचे तिथे आपण गप्प, आणि जिथे गप्प बसायचे नाही तिथे मागच्या दाराने चपला हातात घेऊन आत.

तिसरे म्हणणे, गरिबाला हाच स्वस्त मार्ग आहे. तो स्वस्तही नाही. पकडले तर दंड आणि परतीचे विमान, आजारी पडलात तर मदतीला टूरवाला नाही. सगळे पैसे एजंटाकडे आधीच जमा असतात आणि तो स्वतः इथे पंख्याखाली बसलेला असतो. त्याच्या दुकानावर 'खिदमत-ए-हुज्जाज' अशी पाटी असते.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो. आम्ही उर्दू शाळांत दहा वर्षे मुलांना शेर पाठ करून घेतो, इम्ला घालतो, नून-गुन्ना समजावतो. पण मुलगा दहावी होऊन निघतो तेव्हा त्याला पासपोर्टची मुदत कुठे लिहिली आहे, व्हिसाचा प्रकार कुठे छापला आहे, तो किती दिवसांचा आहे, हे सांगता येत नाही. लिपी येते, कागद वाचता येत नाही. आजोबांचा व्हिसा नातवाने वाचला असता तर आमच्या टेबलापर्यंत यायची वेळ आली नसती. यंदा आम्ही नववी-दहावीला आठवड्यातला एक तास फॉर्म आणि कागदपत्रे वाचण्यासाठी ठेवला आहे. अभ्यासक्रमात नाही म्हणून कुणी तक्रार केली तर उत्तर देऊ.

मशिदींच्या विश्वस्तांना आमचे सांगणे आहे की हजचे अर्ज सुरू झाले की नोटीस बोर्डावर एवढेच लावा: पैसे देण्याआधी टूरवाल्याचे नाव केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या यादीत आहे का बघा, आणि व्हिसावर हज हा शब्द आहे का बघा. नसेल तर पैसे देऊ नका. ज्यांना टूरवाला परवडत नाही त्यांनी हज कमिटीचा अर्ज भरावा. यंदा नाव नाही लागले तर पुढच्या वर्षी पुन्हा भरावा. फॉर्म आमच्याकडे आणा, फुकट भरून देऊ.

आणि जियारतचा कागद घेऊन कुणी आले, तर या वेळी दारात हार तयार असले तरी आम्ही बोलणार आहोत.