जागा परतल्या, विश्वासाचे काय?

पराभूत पक्षाला विचारसरणीच्या नूतनीकरणाची आठवण होते. समित्या नेमल्या जातात, जाहीरनाम्याची भाषा बदलते. परंतु मतदार दुरावला तो विचार जुना झाला म्हणून, की दिलेला शब्द मोडला म्हणून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ब्रिटनमधील उदारमतवाद्यांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

२०१० साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाला २३ टक्के मते व ५७ जागा मिळाल्या. विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याची लेखी प्रतिज्ञा त्याच्या उमेदवारांनी केली होती. हुजूर पक्षाबरोबर सत्तेत बसल्यावर मात्र, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेणाऱ्या प्रस्तावास त्याच्या मंत्र्यांनी पाठिंबा दिला. सार्वजनिक खर्चातील कपातीलाही पक्षाची साथ होती. २०१५ साली त्याच्या हाती अवघ्या ८ जागा उरल्या.

२०२४ साली हा पक्ष ७२ जागांवर पोहोचला. नद्यांत सोडले जाणारे सांडपाणी, घरच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांचे हाल हे प्रश्न त्याने धरून ठेवले. कार्यकर्त्यांनी निवडक मतदारसंघ पिंजून काढले. ही चिकाटी निःसंशय अनुकरणीय आहे. परंतु मते होती सुमारे १२ टक्के, म्हणजे २०१०च्या जवळजवळ निम्मीच. स्थलांतरितांविरुद्धच्या रोषावर पोसलेल्या रिफॉर्म यूके पक्षाला जागा जरी ५ मिळाल्या, तरी मते १४ टक्क्यांहून अधिक पडली. हुजूर पक्षावरील नाराजीने जागा परत मिळाल्या. पोळलेल्या जनतेचा विश्वास अद्याप परतलेला नाही.

उदारमतवादाचे खरे नूतनीकरण त्याच देशात शतकापूर्वी झाले होते. करार करणारे दोघे विषम असतील तर दुबळ्याचे करारस्वातंत्र्य नाममात्र असते, हे हॉबहाऊससारख्या विचारवंतांनी मांडले. त्या काळच्या उदारमतवादी सरकारने १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा आणि १९११ साली आजारपण व बेकारीच्या विम्याचा कायदा केला. त्यासाठी धनिकांवर कर बसविला आणि उमरावांच्या सभागृहाशी झुंज घेतली. १९४२ साली सामाजिक सुरक्षिततेचा आराखडा मांडणारे बेव्हरिज हेही उदारमतवादीच. त्याच परंपरेला मानणाऱ्या गोखल्यांनी १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले, तरी शिक्षणावाचून स्वातंत्र्य पोकळ आहे हे त्यांनी ओळखले होते.

यातून निघणारा बोध पुरोगामी म्हणविणाऱ्या प्रत्येक पक्षाला लागू पडतो. स्वातंत्र्याचा उच्चार करणाऱ्याने भाकरी, औषध आणि शाळा यांचीही हमी दिली पाहिजे, आणि त्या हमीचा खर्च कोणाकडून वसूल करणार हे निवडणुकीपूर्वीच सांगितले पाहिजे. सत्तेच्या वाटाघाटीत जी प्रतिज्ञा सर्वप्रथम सोडली जाते, तिच्यावरूनच मतदार पक्षाची पारख करतो. जाहीरनामा बदलणे सोपे असते. पण मोडलेल्या शब्दाची भरपाई पुढचा शब्द पाळूनच होते, आणि त्याला एका निवडणुकीपेक्षा अधिक काळ लागतो.